टकटकीनंतर

ऑडिओबुकसाठी तिला घरबसल्या वाचून देणारा आवाज हवा होता. ऑनलाइन आलेल्या सॅम्पलांपैकी हे एक लागलं आणि तिने हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला.

"आवाज झकास आहे," शेजारी बसलेला तंत्रज्ञ म्हणाला. "पण ताई, मागे कॅसेटची खरखर ऐका. हा गडी दुसऱ्याचा आवाज स्वतःचा म्हणून खपवतोय."

तो आवाज तिच्या बाबांचा होता.

बाबा कपड्यांचं कपाट उघडून, आत तोंड घालून गोष्टी वाचायचे आणि कॅसेटवर रेकॉर्ड करायचे. आवाज घुमत नाही म्हणे. "शर्टांना गोष्टी सांगतायत," आई म्हणायची. तेवढा वेळ घरात भांडं वाजवायची सोय नव्हती. आणि खोलीबाहेर ताटकळलेली ही लेक, गोष्ट ऐन रंगात आली की नेमकी दारावर टकटक करायची. पुढे घर बदलताना कॅसेटची पेटी हरवली ती हरवलीच. बाबा गेले तेव्हा फोटो ढीगभर निघाले, आवाज मात्र कुठेच नव्हता. त्याचीच तिला सर्वांत जास्त आठवण यायची.

सॅम्पलच्या शेवटी टकटक झाली आणि आवाज तिथेच तुटला.

सॅम्पल पाठवणारा उमेदवार व्हिडिओ कॉलवर आला. केस चापूनचोपून बसवलेला तरुण. तिने नेहमीसारखा एक परिच्छेद पडद्यावर टाकला. "हा आत्ता वाचून दाखवा."

"घसा बसलाय, मॅडम."

"बसलेल्या घशाने वाचा."

दोन ओळींत बिंग फुटलं. तंत्रज्ञ तोंड दाबून हसायला लागला.

"चुकलो, मॅडम," तरुणाने मान खाली घातली. "जुन्या बाजारात कॅसेट मिळाली होती. कामाची फार गरज होती. कॉल ठेवतो."

"थांबा, ठेवू नका!" ती इतक्या जोरात ओरडली की तंत्रज्ञाचं हसू जागीच थांबलं. "त्या टकटकीनंतर काय आहे?"

"कामाचं काही नाही, मॅडम. एक लहान मुलगी आत येते. ते वाचायचे थांबतात, हसतात, तिला म्हणतात, 'ये, आता तू वाच.' म्हणून तेवढं कापून टाकलं मी."

तिने काढलेला हेडफोन पुन्हा कानावर चढवला.

"तेवढंच पाठवा."