अंड्यांवर

बाळंतपणाला भूमला माहेरी आलेली मोनिका, बाळ गेल्यापासून कुणाशी चकार शब्द बोलली नव्हती.

तिच्या आईनं, दैवशालाबाईनं, तुरीच्या ओळीत गवत अंथरून गिनी कोंबडीसाठी घरटं केलं होतं. पण कोंबडी लई बुजरी. जरा चाहूल लागली की उठून पळायची आणि अंडी गार पडायची. मोनिका रोज दुपारभर लांब बांधावर बसून तिकडं बघत राहायची. वाऱ्यानं तुरीची पिवळी फुलं तिच्या मांडीवर येऊन पडायची.

एका दुपारी दैवशालाबाईनं हाक दिली, "मोने, भाकरी खातीस का गं?"

मोनिकानं ओठावर बोट ठेवलं.

"आई, हळू बोल की. ती बसलीय."

दैवशालाबाईनं कोंबडीकडं बघितलंच नाही. ती लेकीकडंच बघत राहिली.