कमीत कमी खर्चाचं उत्तर

हुबळीच्या त्या मसाला कारखान्यात मिरची-धणे कुठून घ्यायचे आणि कुठल्या ट्रकने आणायचे, हे भाग्यलक्ष्मीअक्का बावीस वर्षं ठरवत होत्या. मालकांचा मुलगा साकेत एमबीए होऊन आला आणि हे सगळं अंदाजपंचे चाललंय, असं त्याला पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं. खर्च कमीत कमी व्हावा म्हणून त्याने लिनिअर प्रोग्रामिंगचं मॉडेल करायला घेतलं. मग चार महिने तो लॅपटॉप घेऊन अक्कांसमोरच बसला. कुठल्या अडत्याचा माल ओला निघतो, कुठला ट्रकवाला परतीचं भाडं सोडतो, पावसात कुठला रस्ता तुंबतो, सगळं विचारून भरलं. अक्का सांगत गेल्या, वर चहाही पाजत गेल्या.

अखेर उत्तर आलं. अक्का करत होत्या तेच बरोबर होतं.

"तुमचं आणि मॉडेलचं अगदी तंतोतंत जुळलं, अक्का," साकेत कौतुकाने म्हणाला. "म्हणजे आता तुम्ही आराम करायला हरकत नाही."

वाचला तो फक्त अक्कांचा पगार. निरोपाची शाल घेऊन त्या मळमड्डीच्या घरी आल्या.

पुढच्या हंगामात भाव फिरले, दोन अडत्यांनी धंदा गुंडाळला, मॉडेल मात्र त्यांच्याकडूनच माल घ्या म्हणत राहिलं. साकेतचा फोन आला.

"अक्का, नवी माहिती तेवढी द्याल का?"

"देते की. पगाराच्या तिप्पट पडेल, न्यायला-आणायला गाडी तुझी. आणि या मालाचा पुरवठादार एकच आहे, तेवढं मॉडेलमध्ये घाल."