तेच सॉफ्टवेअर हवं

तिसऱ्यांदाही तेच झालं. निळी पट्टी अर्ध्यापर्यंत सरकली, थांबली आणि पडद्यावर सूचना आली : हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही.

"काकी, हे नाय चालणार," गेविन म्हणाला. "सीडी आहे दोन हजार आठची. कॉम्प्युटर गेल्या महिन्यातला."

मनोरमाकाकी त्याच्या मागे उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नव्हत्या. सोसायटीचे चेअरमन राघो पाटील खिडकीशी होते. खाली मैदानात सकाळपासून जेसीबी येऊन उभा होता, त्यांचं लक्ष तिकडेच होतं.

सोसायटी पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या मागच्या अंगाला. समोरच्या मैदानावर बिल्डरला आता टॉवर बांधायचा होता. रहिवासी म्हणत होते, फ्लॅट विकताना हे मैदान आमचंच राहील असं त्याने कबूल केलं होतं. बिल्डर म्हणत होता, कुठे, दाखवा. उद्या सुनावणी होती.

काकींचे यजमान हरिश्चंद्र त्या काळी घरी बसून वेबसाईट बनवायचे. बिल्डरच्या प्रोजेक्टची साईट त्यांनीच, याच सीडीतल्या सॉफ्टवेअरमध्ये केली होती. ती कधीच बंद पडली आणि हरिश्चंद्रही चार वर्षांपूर्वी गेले.

"बिल्डरची ती जुनी साईट उद्या आपले वकील पुढे ठेवणार," जिना चढतानाच राघोंनी गेविनला सांगितलं होतं. "ते सॉफ्टवेअर चाललं तर मैदान वाचलं समज."

गेविनने सिल्व्हर पार्कमधलं लॅपटॉप रिपेअरिंगचं दुकान अर्धं शटर ओढून तसंच सोडलं होतं. काकींना नाही म्हणणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. त्याच्या बायकोची, ट्रेसीची हॉस्पिटलात ड्युटी असली की त्यांची जेनेल शाळेतून सरळ इथेच यायची. जेवायची, झोपायची, काकींकडून पाढे शिकायची. सायकल ती याच मैदानात शिकली होती.

"काकी, एक करूया का? फाईल मला द्या. माझ्याकडच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये लगेच उघडतो. दिसायला सेमच दिसेल."

"नको. तेच सॉफ्टवेअर हवं."

"पण का?"

"समोरचे लोक तज्ज्ञ आणणार आहेत. फाईल कशात केलीय ते त्यांना बरोबर कळतं म्हणे. नव्या सॉफ्टवेअरचं नाव दिसलं, तर म्हणतील आत्ता बनवली."

गेविनने मान हलवली. बरोबर होतं. फाईल उघडून कुणी चुकून सेव्ह केली, की सगळंच संपलं.

"सगळ्यांसमोर बोलला होता तो बिल्डर," काकी म्हणाल्या. "हे मैदान तुमचंच, तुमच्या नातवंडांचं. पूजेच्या दिवशी. हे माझ्या शेजारीच उभे होते."

खाली जेसीबी घरघरायला लागला. राघो खिडकीतून वाकले. काही बायका ओरडत होत्या. ड्रायव्हर हात हलवून सांगत होता, "साहब का फोन आया है, आज सफाई करनी है."

राघो धावत खाली गेले.

"गेविन, दुसरा काही मार्ग नाही का रे?" काकींनी विचारलं.

एक होता. नव्या कॉम्प्युटरच्या पोटातच एक जुना कॉम्प्युटर उभा करायचा. खोटाखोटा, पण आपल्याच तंद्रीत चालणारा. त्यात जुनी विंडोज टाकायची आणि तिच्यात ते सॉफ्टवेअर. गेविनने दुकानातून आणलेला पेनड्राईव्ह लावला. पडद्यात एक लहान चौकोन उघडला आणि त्यात वीसेक वर्षांपूर्वीचा हिरवा माळ आणि निळं आकाश दिसायला लागलं.

काकींचा फोन वाजला. वकील होते.

"होतंय," काकी म्हणाल्या. "संध्याकाळच्या आत देते. हो, माझी जबाबदारी."

या वेळी निळी पट्टी पार शेवटपर्यंत गेली. गेविनने सॉफ्टवेअर सुरू केलं आणि कपाळावर हात मारला. मुदत संपली आहे, असं लिहून आलं होतं. मुदत वाढवून देणारी कंपनीची व्यवस्था तर केव्हाच बंद झालेली.

"आता?"

"आता त्याला फसवायचं." गेविनने आतल्या कॉम्प्युटरची तारीख मागे नेली. महिने, वर्षं, थेट दोन हजार आठच्या मार्चपर्यंत. "त्याला वाटू दे हरिश्चंद्रकाका अजून कामच करतायत. फक्त एक लक्षात ठेवा काकी, आत काय सेव्ह नका करू. जुनी तारीख पडेल, घोळ होईल. आपण नुसतं उघडून दाखवायचं."

काकींनी मान हलवली.

खालची घरघर थांबली. राघो धापा टाकत वर आले. "उद्या दुपारपर्यंत थांबतोय म्हणाला. आपल्या सोसायटीतली दुर्गा आणि बाकीच्या बायका त्याच्यासमोर जाऊन बसल्या. तुझं काय?"

गेविनने पुन्हा क्लिक केलं. पडदा काळा झाला. तिघेही बघत राहिले. मग कंपनीचं जुनं चिन्ह आलं, मागोमाग करड्या रंगाच्या पट्ट्या आणि मध्ये एक पांढरं, स्वच्छ पान.

"चाललं," गेविन म्हणाला. त्याला स्वतःलाच खरं वाटेना. त्याने घाम पुसला आणि हात पुढे केला. "द्या काकी, काकांची डिस्क द्या."

राघोंनी जाऊन दाराला आतून कडी घातली. सकाळपासून उभ्या असलेल्या काकींनी खुर्ची ओढली आणि गेविनच्या शेजारी बसल्या.

"डिस्क नाही रे," त्या म्हणाल्या. "मी सांगते, तू लिही."