ठासणीचा पहिला बार

तुमच्यातला एकही विश्वास ठेवणार नाही, पण ठासणीची बंदूक मी पहिल्यांदा भरली ती कातळाच्या कपारीत अडकून. समोर रानडुकराचं जोडपं, मागे खडक. उंदरालाही निसटायला वाट नव्हती.

नळीत दारू ओतली, काथ्या कोंबला, गोळी टाकली आणि लोखंडी गजानं सगळं ठासलं. घाईत गज नळीतच राहिला नि मी चाप ओढला! सुटलेला गज नराला घेऊन थेट पलीकडच्या फणसात रुतला.

मादी चवताळून अंगावर आली. ती पोचायच्या आत मी पुन्हा दारू ओतली, गोळी ठासली...

"कशानं ठासलीत, मामंजी?" सुपारी कातरता कातरता सूनबाईनं विचारलं. "गज तर फणसात होता!"