गाभ्याचं वजन

"उजेडावरून वजन ठरवू नकोस गं. दीर्घिकेच्या गाभ्यात मिणमिणत्या, बुटक्या ताऱ्यांचीच गर्दी असते," खगोलशास्त्राच्या वर्गात कर्णिकबाई वृंदाला शिकवायच्या.

आता लंबगोल दीर्घिकेच्या कडेला यान थांबलं होतं आणि इंधनाचा हिशेब करणारं यंत्र वृंदाचं काही ऐकेना.

"ताई, कडेला नि गाभ्यात ताऱ्यांचं मिश्रण सारखंच धरलंय," यंत्र म्हणालं.

"अरे बाबा, गाभा दिसतो त्याहून जड, त्याची ओढही जास्त. कडेच्या मापाने तो मोजलास तर आत जाऊ, पण बाहेर पडायला इंधन पुरायचं नाही!"

"चिडू नका. गणित बरोबर आहे."

"डोंबल तुझं!"

वृंदाने कपाळाला हात लावला. "निर्धास्त निजा, पार नेईन मी," या तिच्या शब्दावर सगळे प्रवासी शीतनिद्रेत गेले होते. तिने यंत्र बंद केलं, देवाचं नाव घेतलं आणि गाभ्याला वळसा घालणाऱ्या लांबच्या वाटेला यान वळवलं.