बॉम्बॅस्टिक

नवरा रोज दाढी करताना मोबाइलवरून एक जडजंबाल इंग्रजी शब्द पाठ करायचा आणि दिवसभर भेटेल त्याच्या डोक्यात हाणायचा. बायकोने अर्थ विचारला की ठरलेलं उत्तर, "तुला काय कळतंय त्यातलं!"

आज तो ऑफिसातून छाती फुगवूनच आला.

"मॅडम भर मीटिंगमध्ये म्हणाल्या, तुमचं इंग्रजी बॉम्बॅस्टिक आहे! म्हणजे एकदम बॉम्ब! सगळे हसून टाळ्या वाजवत होते."

तो हातपाय धुवायला गेला, तेव्हा तिने त्याच्याच मोबाइलवर अर्थ पाहिला. 'भपकेबाज, पण आतून पोकळ.' मोबाइल होता तिथे ठेवून दिला.

 

"अहो, मला काय कळतंय त्यातलं," ती गोड आवाजात म्हणाली, "पण मॅडम एवढं म्हणाल्यात, तर दारावरच्या पाटीवर नावापुढे लावून घ्या की!"