कागद होते त्याच्याजवळ

"आबा, सप्ताह सोडून कोर्टात चालले?" हितेंद्रने मोटरसायकल आडवी घातली. तो उखर्डू आबांचा पुतण्या आणि असोद्याच्या मंदिर समितीचा अध्यक्ष.

"साक्ष आहे."

"कोनाची? त्या लोकांची?"

"माही."

"फौजदारानं तुमचं काय वाईट केलं? तो होता तोवर गावात एक चोरी झाली का?"

"मी कीर्तनाले बसतो, हितू. नुसता टाळ कुटाले नाही बसत."

हितेंद्र हसला आणि गाडी बाजूला घेतली. आबा जळगावच्या एसटीत चढले. ओठांत हरिपाठ होता, पण अभंग पुढेमागे होत होते. बायकोने, शेवंताबाईंनी दिलेल्या दशम्यांची पिशवी त्यांनी या मांडीवरून त्या मांडीवर कितीदा तरी घेतली.

कोर्टाच्या व्हरांड्यात हसीनाबी बाकावर बसल्या होत्या. धुळ्याहून पहिल्या गाडीने आल्या होत्या, सोबत मुलगी मिसबाह. मुलगा हसीब गेल्यापासून त्यांनी जळगावचं घर सोडलं होतं.

हसीब मृदंगाच्या तोंडांवर कातड्याच्या पुड्या चढवायचा. वडील जहांगीर यांच्यापासूनचं काम. आसपासच्या गावांतल्या भजनी मंडळांची वाद्यं त्याच्याकडे यायची. गेल्या वर्षी सप्ताहाच्या पहिल्याच संध्याकाळी तो असोद्याचा मृदंग दुरुस्त करून गाडीवर आणत होता. नाक्यावर पोलिसांनी त्याला उचललं. सकाळी घरच्यांना मयत ताब्यात घ्यायला बोलावलं. ठाण्याच्या जिन्यावरून पडला, असं पोलिसांचं म्हणणं होतं.

"भाऊ, रात्री डोळ्याला डोळा नाही," हसीनाबी म्हणाल्या. "तुम्ही येता की नाही, तेच डोक्यात."

"आलो ना."

"बोलाल ना?"

आबा उत्तर द्यायच्या आत मिसबाह म्हणाली, "याआधीचेही बोलणारच होते, आबा. आत गेल्यावर त्यांना काही दिसलंच नव्हतं."

"मिसबाह," हसीनाबींनी दटावलं. "मोठे आहेत ते."

"बोलू दे तिले," आबा म्हणाले. दशमीचा तुकडा त्यांच्या हातातच राहिला.

पुकारा झाला. आधी आरोपीच्या वकिलाने अर्ज दिला. सुकदेव फौजदारांच्या छातीत कळा येत होत्या, दवाखान्यात दाखल होते, उभं राहणंही शक्य नव्हतं. न्यायाधीशांनी गैरहजेरीची परवानगी दिली आणि साक्ष सुरू झाली.

"नाक्यावर काय पाहिलं?" सरकारी वकिलाने विचारलं.

"सुकदेव फौजदार होते. हसीबची गाडी थांबवली. नाव इचारलं. मंग कागद मागितले."

"त्याच्याकडे नव्हते?"

"होते. गाडीचे बी होते, लायसन बी होतं. मी त्याच्या मांगंच माह्या गाडीवर होतो. माह्याजवळ एक बी कागद नव्हता."

"तुम्हाला काय म्हणाले?"

"जा आबा, कीर्तनाले उशीर होईन."

"आणि हसीबला?"

"पट्ट्यानं मारलं. मारत मारत जीपमध्ये घातलं. मृदंग रस्त्यावरच राह्यला होता. जाता जाता मले म्हने, आबा, पुडी नवी आहे, उन्हात ठेवू नका."

मागच्या बाकावर हसीनाबींनी पदर तोंडाला लावला.

आरोपीचा वकील उठला. "वय झालं, आबा. दिसतं का नीट?"

"लांबचं चांगलं दिसते, वकीलसाहेब. जवळचं चष्म्याबिगर दिसत नाही."

न्यायाधीशसुद्धा हसले. मग त्यांनी जबाब वाचून दाखवला. आबांनी चष्मा लावून सही केली, चष्मा खिशात टाकला.

बाहेर आल्यावर मिसबाहने त्यांच्या हातातली पिशवी घेतली, दशमी मोडली आणि आधी त्यांना दिली.

"भाऊ, आता तरी त्या फौजदाराला वर्दी परत मिळणार नाही ना?" हसीनाबींनी विचारलं.

"निलंबित आहे तो. आता कुठली वर्दी?"

धुळ्याची गाडी सुटेपर्यंत आबा स्टँडवर थांबले. परतताना हरिपाठ कुठेही अडला नाही.

असोद्यात उतरले तेव्हा दिवे लागले होते. घरी न जाता ते नळावर पाय धुऊन थेट मंडपात शिरले. कीर्तन रंगात आलं होतं. सप्ताहात वीणा खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ज्याच्या गळ्यात असते त्याने जागा सोडायची नाही. आता पहारा आबांचा होता आणि त्यांच्यामुळे आधीचा माणूस ताटकळला होता.

आबा घाईने पुढे झाले. वीणेकऱ्याच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं, जरा जास्त वेळ ठेवलं. आजचा दिवस देवाने निभावून नेला होता. मान खाली ठेवूनच ते उठले. वीणा गळ्यात आली. रिवाजाप्रमाणे मग समोरच्याने वाकून आबांच्या पायांना हात लावला. कोपऱ्यातून हितेंद्र हात जोडून बघत होता.

समोरचा उठला. कपाळाला बुक्का, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. तो आबांच्या कानाशी झुकला.

"आशीर्वाद असू द्या, आबा. सोमवारी पुन्हा आपल्याच ठाण्याला हजर होतोय."